आईचा राणी रंगाचा स्वेटर आणि समुद्राचं पाणी

परवा भर समुद्रात माझी फजिती झाली. आणि तीही अशी साग्रसंगीत, की विचारू नका…

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंप-त्सुनामीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही इथे आलो, ओजिमा नावाच्या वस्तीत. नवरा रोज कावासाकीला ऑफिसात आणि माझी केमिस्ट्रीची एमएस्सी कपाटात. लेक शाळेत रुळेपर्यंत वर्षं कशी गेली कळलंच नाही. यंदा एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पार्टटाइम काम मिळालं, पण तात्पुरतं. जमलं तर ठेवणार, नाही तर राम राम! इतक्या वर्षांनी मिळालेलं हे काम मला कसंही करून टिकवायचं होतं.

काम समुद्राच्या पाण्याचं. आपण गाड्यांतून, कारखान्यांतून जो धूर सोडतो, त्यातला बराच कार्बन समुद्र मुकाट्यानं पोटात घेतो. तो किती घेतला हे मोजायचं. आणि त्याच पाण्यात प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आणि धागे किती आहेत, तेही बघायचं.

परवा मला पहिल्यांदाच बोटीवर नेलं. कार्बनच्या बाटल्या भरणं म्हणजे अगदी सोवळ्यातलं काम हो! नळी तळापर्यंत सोडायची, पाणी भरभरून वाहू द्यायचं, बुडबुडा एकही राहता कामा नये. आपल्या श्वासातही तोच कार्बन, म्हणून तोंड फिरवून उभं राहायचं. माझ्या बाटल्या अशा छान भरल्या की लॅबचे टेक्निशियन मुरातासान स्वतःहून मान डोलावून गेले. मी मनातल्या मनात फुगडी घातली.

मग प्लॅस्टिकसाठी पाणी गाळायला घेतलं. त्याचा नियम एकच, कपडे सुती हवेत. सिंथेटिक कपड्यांचे धागे हवेत उडतात आणि नमुन्यात जाऊन बसतात. मी कुर्त्यापासून मोज्यांपर्यंत सगळं सुती घातलं होतं. फक्त सुती कोटाच्या आत सांगलीहून आईनं पाठवलेला राणी रंगाचा स्वेटर होता, बाह्या जराशा बाहेर डोकावणारा. लोकर मेंढीची, म्हणजे नैसर्गिक… असा माझा पक्का समज. आणि हातानं विणलेल्या स्वेटरला लेबल कुठून असणार?

काम उरकून चहाला बसलो, मी कोट काढला. लॅबच्या प्रमुख, साठीच्या बाई, ज्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणजे गुरू म्हणतात, स्वेटर बघून खूश झाल्या. आईनं विणलाय म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी बाहीचं टोक बोटांत धरून चोळलं, पुन्हा चोळलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "ही लोकर वाटत नाही… ॲक्रिलिक असावं."

म्हणजे प्लॅस्टिकच की! बोटीचं भाडं, सगळ्यांची पहाटेपासूनची मेहनत, सगळे नमुने… आणि त्यावर मी सकाळभर अंगावर प्लॅस्टिक घालून वाकले होते. नोकरी गेली, एवढंच डोक्यात येत होतं. मी तीनतीनदा वाकून माफी मागितली.

सेन्सेईंनी उठून चिमटा आणला, माझ्या बाहीचा एक धागा काढला, काचेच्या छोट्या कुपीत ठेवला आणि वर माझं नाव लिहिलं. मग बिस्किटांचा एक जुना डबा उघडला… आत अशा कितीतरी कुप्या! कॅप्टनच्या नारिंगी दोराचा धागा, मुरातासानच्या निळ्या टॉवेलचा, बोटीच्या रंगाचे पोपडे. एका कुपीवर खुद्द सेन्सेईंचं नाव.

"माझा मफलर," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा पहिल्याच सफरीला घालून आले होते."

पाण्यात सापडलेला धागा या कुप्यांशी ताडून बघतात. जुळला तर तो आपला, हिशेबातून बाद. नाही जुळला तर तो समुद्रात आधीपासून होता. नमुने वाचले होते! मुरातासान म्हणाले, बरं झालं स्वेटर एवढा भडक आहे, शोधायला सोपा जाईल. मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते.

परतताना मुरातासान सांगत होते, त्सुनामीत वाहून गेलेल्या वस्तू पुढे पार अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्या. मग दर धुण्यात माझ्या मशीनमधून निघणारे धागे कुठवर जात असतील? आजवर हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता.

काल मायक्रोस्कोपखाली माझे राणी रंगाचे धागे मीच एकेक शोधून बाद केले. संध्याकाळी सेन्सेईंनी पुढच्या सफरीच्या पाटीवर माझं नाव लिहिलं. शेजारी काहीच टिप्पणी नाही, जणू ते तिथे असायचंच होतं.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. स्वेटर प्लॅस्टिकचा निघाला हे सांगताना जिवावर आलं होतं… चार महिने खपून विणलाय तिनं. ती मग म्हणाली, "अगं, दुकानदारानं लोकर म्हणून दिली, मी घेतली. आता सुती दोऱ्याचा विणते. आणि ऐक, त्या बाईंचंही माप पाठव. माझ्या लेकीला सांभाळून घेतलंय त्यांनी."

सेन्सेईंकडे खांद्याचं माप मागायला तोंड कसं उघडायचं, ते अजून सुचत नाहीये. पण मागणार आहे.