पिवळे शर्ट वाळेपर्यंत

माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहीण, आमच्या शेजारीच, गल्लीच्या कोपऱ्यावर राहतात आणि तिथेच लाँड्री चालवतात. नाकावर माशी बसू देत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, भांडल्याशिवाय या बाईला अन्न पचत नसावं. पूर आला त्या वर्षी कळलं, घरात भांडणारंही एक माणूस लागतं.

पाणी ओसरलं आणि पालिकेचे साहेब आले. बूट भरू नयेत म्हणून गाडीतूनच बोलले. ही गल्ली राहायच्या लायकीची उरली नाही, सामान घेऊन शाळेच्या हॉलमध्ये चला, परवा मशीन येऊन घरं पाडेल. ज्या घरात माणूस राहतोय ते पाडता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, फक्त जरा हळू आवाजात. भिंती सगळ्या धड होत्या हो! चिखल तेवढा काढायचा होता. पण लोक घाबरले नि निघाले. माझा नवराही निघाला. मी वन्संबरोबर लाँड्रीत थांबले, आमचं घर रिकामंच राहिलं. कधी नव्हे ते आम्ही दोघी एका बाजूला होतो.

सामान हलवायला कॉलेजची मुलं पाठवली होती, सगळी पिवळ्या शर्टात. शर्टाशिवाय कोणी कामाला हात लावायचा नाही, ही साहेबांची सक्त ताकीद. मुलं गुणी होती, खोटं कशाला बोलू. ती इस्त्रीचं टेबल उचलायला आली तर वन्सं त्यावर चढून बसल्या.

"काकू, आम्ही मदतीला आलोय," एक चष्मेवाली म्हणाली.

"मग फावडं घे, चिखल काढ. माझं घर रिकामं करतेस आणि त्याला मदत म्हणतेस होय गं?"

पोरीने टेबल सोडलं. मग म्हणाली, "पण राहणारं कोणी नसेल तर नुसता चिखल काढून काय उपयोग?"

"तू राहा की."

मुलांनी आपसात कुजबुज केली आणि फावडी उचलली. संध्याकाळी ते शर्ट पिवळे होते यावर कोणी विश्वास ठेवला नसता. माळ्यावर गिऱ्हाइकांचे कपडे वाचले होते, ते वन्संनी मुलांना दिले. कोणी कोणाच्या बापाच्या सदऱ्यात, कोणाच्या पँटीला सुतळी. शर्ट धुऊन वन्संनी दारोदार एकेक वाळत घातला. ज्याचा शर्ट, त्याचा मुक्काम त्या घरात.

ठरल्या दिवशी साहेब मशीन घेऊनच आले. "इथं राहतं कोण?"

"मी राहते," चष्मेवाली माझ्या उंबऱ्यातून म्हणाली. मग दारादारातून तेच ऐकू आलं.

"शर्ट घाला आणि कामाला लागा."

"ओले आहेत, सर. शर्टाशिवाय हात लावायचा नाही, तुम्हीच सांगितलंत."

शर्ट खडखडीत वाळले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांना खात्री करायला खाली उतरावं लागलं, आणि बूट घोट्यापर्यंत रुतले. मी तोंडभर हसले. राहत्या घरांना हात लावता येईना, मशीन परत गेलं.

बातमी हॉलवर पोचली, तशी माणसं परतू लागली. वन्संचा नियम एकच. गेलेलं घरचं माणूस परत आलं की दारावरचा शर्ट उतरायचा, कोळशाची इस्त्री फिरवून मुलाच्या हातात द्यायचा. तोवर नाही.

शेवटी एकच शर्ट उरला, चष्मेवालीचा, आमच्या दारावर. सगळी गल्ली परतली, माझा नवरा नाही. लोक काही विचारत नसत, नुसते शर्टाकडे बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वन्सं, द्या तिचा तिला. परीक्षा आहे तिची."

"राहू दे, मामी," चष्मेवालीच म्हणाली. "कोणी आल्याशिवाय मी हलत नाही."

तो आला तेव्हा हातात गाठोडं होतं आणि मान खाली. लाँड्रीच्या उंबऱ्याशीच थांबला. "ताई, मी घाबरलो गं."

"सगळेच घाबरले होते," वन्सं म्हणाल्या. त्यांनी आमच्या दारावरचा शर्ट काढून टेबलावर टाकला आणि तापलेली इस्त्री त्याच्यापुढे सरकवली. "हिचा शर्ट कर आधी. पोरगी इतके दिवस तुझ्या जागी राहिलीय."

त्याने केला. कॉलर दोनदा केली. माझा राग गेला नव्हता. तरी त्याचं गाठोडं उचलून मी घरात नेलं.