माळावरची शेवटची स्पर्धा

आमचं सणसरचं रान कालव्याच्या पाण्यावर होतं. वांगी, घेवडा, मिरची, जे पिकेल ते आबा बारामतीच्या बाजारात नेत. दादा मात्र रानात कधी रमला नाही. दोन-तीन कोसांवर एका खाजगी साखर कारखान्याचं आवार होतं. तिथल्या गोऱ्या साहेबांनी माळावर गोल्फचं मैदान केलं होतं, आणि साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता दादा स्वतःच तो खेळ शिकला. पुढं साहेबांनी त्याला खेळ शिकवायला पगारावर ठेवलं.

माळच तो, त्यावर हिरवळ कुठली? भोकाभोवती तेल घातलेल्या वाळूचं गोल अंगण असे. चेंडू ढकलण्याआधी ती वाळू फळीनं सारखी करायची. दर हिवाळ्यात तिथं पगारी खेळाडूंची स्पर्धा भरे. पुण्याहून, मुंबईहून, एखादा पार कलकत्त्याहून येई. सगळे दादासारखेच, साहेबांच्या पिशव्या वाहून शिकलेले. त्यांचा चहा मांडवात होई, बंगल्याच्या पायऱ्या त्यांना वर्ज्य होत्या. पण ते दोन दिवस माळ त्यांचा असे.

आबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "चेंडू मारून संसार हुतोय व्हय?" एवढंच ते म्हणत. आई मध्ये पडून विषय बदली.

त्या वर्षी पहिल्या दिवशी दादा सगळ्यांच्या पुढं होता. ही बातमी गावात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धुतलेला पटका बांधला आणि मला म्हणाले, "चल, बघू तरी काय करतंय." आम्ही बैलगाडीनं गेलो. खेळाडू चेंडू मारायला उभा राहिला की कुणी बोलायचं नाही, हे मी आबांना सांगितलं. आबांना दम्याचा त्रास होता. दादा काठी उचली तेव्हा ते पटक्याचं टोक तोंडात कोंबून खोकला दाबून धरत. डोळ्यांत पाणी येई, पण आवाज नाही.

शेवटच्या भोकापाशी दादा आणि कलकत्त्याचा एक वयस्क खेळाडू, दोघंच उरले. त्याचा चेंडू आत गेला. दादाचाही गेला असता तर बरोबरी होऊन पुन्हा खेळ झाला असता. अंतर फार नव्हतं. दादानं स्वतः फळी फिरवली, बराच वेळ उकिडवा बसून बघितलं आणि चेंडू ढकलला. तो भोकाच्या कडेला जाऊन थांबला. कलकत्त्याच्या माणसानं येऊन दादाच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा दादानं मान खाली घातली.

परत येताना गाडी दादानं हाकली. मग आबा म्हणाले, "चेंडू तितंच थांबला, त्यात तुजं काय चुकलं? फुडल्या वर्सी जाईल." दादानं चमकून आबांकडं पाहिलं. आबा त्याच्याशी त्या खेळाविषयी पहिल्यांदाच चांगलं बोलत होते.

तेवढ्यावर आबा थांबले नाहीत. विहिरीजवळची वांग्याच्या दोन सऱ्या मोडून त्यांनी वाळूचं अंगण केलं. शेजारच्या इंजिनाचं जळकं तेल मागून आणलं आणि स्वतः वाळूत कालवलं. आई चिडली. "खायाचं रान हाय त्ये," ती म्हणाली. आबा म्हणाले, "असू दे. पोराला सराव नगं?" संध्याकाळी दादा तिथं चेंडू ढकलत बसे आणि आबा बाजेवरून बघत. आमच्या घरातले ते सगळ्यांत सुखाचे महिने होते.

दिवाळीनंतर कारखान्याचे मोठे साहेब नोकरी सोडून मायदेशी गेले. स्पर्धा त्यांच्याच हौसेवर चाले. नव्या व्यवस्थेनं ती बंद केली आणि मैदानात ऊस लावायचं ठरवलं. दादाला हे कारखान्याच्या फाटकावर कळलं. तो घरी आला तेव्हा आबा वाळू चाळत होते.

"आबा, स्पर्धा बंद झाली."

"अवंदा न्हाय म्हंतोस?"

"कायमचीच."

आबांनी चाळण खाली ठेवली. "दुसरीकडं कुठं आसंल की."

"बघतो," दादा म्हणाला.

तो पुण्याला गेला, तिथून मुंबईला. दुसऱ्या मैदानांवर त्याच्यासारखे पुष्कळ होते, आणि त्याचा हात हिरवळीवर बसलाच नाही. तो तिकडं असतानाच आबांचा दमा बळावला. तो पोचला तेव्हा आबांना तिरडीवर उंबऱ्याबाहेर आणलेलं होतं.

मग तो फिरून गेला नाही. पुढं माळेगावच्या कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर लागला. माझं लग्न होऊन मी बारामतीला आले होते. बाजाराच्या दिवशी तो चहाला येई. एकदा मी विचारलं, "दादा, तिकडं कुणाला सांगतोस का, तू काय खेळायचास त्ये?"

"सांगायला गेलं तर आदी खेळ सांगावा लागतो, मग माळ सांगावा लागतो," तो म्हणाला. "निम्म्यात माणूस उठून जातं. बघितलेलं फक्त आबांनी आन् तू."

त्यानं कप बशीवर उपडा ठेवला आणि माझ्या सासूबाईंची तब्येत विचारली.