आईने गोळा केलेले अंगठे

ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज होणे, याहून थोर कार्य नाही, असे भाषणांत सांगतात. आमच्या घरी ज्यांच्यासाठी हे कार्य चालले, त्यांचा आवाज सकाळी आठपासून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. बिदरच्या मैलूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, पत्र्याखालच्या वाशांना पाच झोळ्या टांगलेल्या असत — जुन्या लुगड्यांच्या, निळ्या, हिरव्या, विटक्या लाल — आणि खाली आजोबांच्या मेंढरांच्या लोकरीच्या घोंगडीवर चार-पाच रांगती लेकरे. ओले लंगोट, खोबरेल, ज्वारीची पेज आणि उन्हाने तापलेली लोकर यांचा मिळून जो एक वास होता, तोच माझ्या बालपणाचा वास...

नव्वदनंतरची ती वर्षे. खेड्यांतले पुरुष हैदराबादला, पुण्याला कामाला गेलेले. बायका शहरात नव्या इमारतींवर विटा-वाळू वाहायला येत आणि जाताना तान्ही लेकरे आईकडे सोडत. आई प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांधी, कारण एकाच वेळी तीन संगीता सांभाळण्याचा प्रसंग तिच्यावर आला होता.

एका उन्हाळ्यात त्यातली सर्वांत लहान संगीता दुपारभर वाटीला तोंड लावीना. आईने तिला काखेत घेतले, मला मागे ओढले आणि थेट इमारतीवर जाऊन मुकादमाला दखनीत सुनावले, "साब, इसकी माँ कू आधा घंटा छोड़ो, नै तो तुमीच दूध पिलाव!" गवंडी हसले, मग मुकादमालाही हसावे लागले. दुसऱ्या दिवसापासून लेकुरवाळ्या बायकांना दुपारी अर्धा तास मिळू लागला आणि आईला नाव मिळाले — वकिलीणबाई. निम्मी थट्टा, निम्मा मान.

नाव मिळाले की माणसाला मोठ्या गोष्टी सुचतात. गल्लीपलीकडे एक सरकारी मोकळी जागा होती. तिथे लेकरांसाठी एक खोली, दाराला कडी आणि पाण्याचा नळ, एवढे आईला हवे होते. कन्नडमधला अर्ज लिहिला अण्णांनी. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीचे पुढारी; त्यांचा धाकटा आमच्याच निळ्या झोळीत वाढलेला. आई कन्नड पाण्यासारखी बोले, पण शाळा मराठीत झालेली, त्यामुळे कन्नड अक्षरे तिला नुसती नक्षी. मी कन्नड शाळेत चौथीला.

"वाच गं, काय लिवलंय?" आई म्हणाली.

अर्ज दोन पानांचा होता. त्यातले अर्धे पान नमस्कारातच गेले होते. मी ठसक्यात वाचत सुटले. पुढे कचेरीतले लांबलचक शब्द आले. ते तोंडाला आले, डोक्यात शिरले नाहीत. अण्णा कौतुकाने बघत होते. "अक्का, पोरगी लई हुशार हाय तुमची. साहेबीण व्हईल बघा!"

साहेबिणीला 'कळले नाही' म्हणणे शोभले नसते. मी म्हटले, "व्हय, खोलीचंच हाय."

तीन दिवस आई शाईचे पॅड घेऊन दारोदार फिरली. "अक्का, तुमी म्हंतासा तर लावतो," असे म्हणत बायकांनी अंगठे दिले. वर पहिली सही आईची.

वर्षभरात बांधकाम उभे राहू लागले. आई बायकांना तिथे नेई, झोळ्यांच्या कड्या कुठे बसवायच्या ते हाताने दाखवी. ओल्या चुन्याचा वास छातीभरून घेई...

उद्घाटनाला मंडप, हार, आणि एकमेकांच्या थोरवीबद्दल एकमेकांनी केलेली भाषणे. आई लग्नातल्या हिरव्या साडीत पुढे बसलेली. भिंतीतल्या कोनशिलेवरचा पडदा सरकला, तशी तिने मला कोपर मारले. या वेळी अक्षरे मोठी होती, शब्दही सोपे: अण्णांच्या दिवंगत वडिलांच्या नावाने सभागृह... महिलांच्या मागणीवरून. आईने मला ते दोनदा वाचायला लावले. मग उठून व्यासपीठाशी गेली.

"कामून असं केलंव, अण्णा? लेकरांची खोली कुटं हाय?"

"अक्का, पहिलं हॉल तर होऊ द्या. खोलीचं मागून बघू." अण्णा हसले. "आन् सही तुमचीच की. पोरीनं वाचून दावलं न्हवं?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिले. एकट्या आईने पाहिले नाही. तिने नंतरही त्याबद्दल मला कधी विचारले नाही, आणि रागावली असती तर मला निदान रडता आले असते.

"तुमीबी त्यातल्याच निघालाव, अक्का," धाकट्या संगीताची आई जाताना म्हणाली. कुणी भांडले नाही. लेकरे फक्त येईनाशी झाली. महिन्याभरात पाचांतल्या तीन झोळ्या आईने सोडून धुतल्या, घड्या घातल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. मुकादमाचा अर्धा तासही मग बंद पडला. तो मागायला कुणी गेले नाही. आईनेही पुन्हा कुणासाठी काही मागितले नाही — दुकानात वजन कमी भरले तरी पिशवी उचलून गप्प घरी यायची.

खोली मागूनही झाली नाही. सभागृह मात्र आता लग्नांना भाड्याने देतात. दारावर कन्नड, मराठी आणि उर्दूत सूचना आहे: लहान मुलांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.