आवसेचा आकडा

आमच्या वर्गात यंत्र नव्हतं, म्हणून आम्ही माणसालाच यंत्र करायचो.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मुंबईत तेव्हा हिशोबाचं एक खोलीएवढं यंत्र तयार होत होतं. मी ते दारातून पाहिलं होतं, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला त्या यंत्राची सख्खी बहीण समजत होते. विद्यापीठाने मॅट्रिक झालेल्यांसाठी प्राथमिक वर्ग काढले आणि वसईचा वर्ग माझ्या वाट्याला आला. विषय असा, की यंत्राला काम सांगायचं तर कसं सांगायचं. गणिताची पदवी, मनगटावर घड्याळ आणि मिस्साच्या प्रार्थनेला गुडघे टेकले तरी खाली न येणारं नाक, अशी मी रोज संध्याकाळी चर्चच्या शाळेत जाऊन उभी राहायचे. आज ती बया समोर आली तर मी तिला आधी पाटा-वरवंटा धुवायला लावीन.

रीत सोपी होती. एकाने फळ्यापाशी यंत्र होऊन उभं राहायचं. बाकीच्यांनी कामाच्या पायऱ्या लिहून द्यायच्या. यंत्राने लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘फडकं घे, फळ्यावर फिरव.’ यंत्र फिरवत राहिलं. फळा कोरडा झाला, सगळे हसले, हसून थकले, तरी ते फिरवतच होतं. थांबायचं कधी ते कुणी लिहिलंच नव्हतं.

ते यंत्र म्हणजे वसईच्या होळी भागातल्या बागायतदारांची एक लेक, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरात नुकती दिलेली. मी तिचा हात धरून फडकं काढून घेतलं तेव्हा तिची बोटं लाल झाली होती. डोळ्यांत काहीच नव्हतं. मला त्या वेळी अंगावर काटा यायला हवा होता. मी वर्गाला म्हटलं, “असं यंत्र व्हायला जमलं पाहिजे.”

तिच्या सासऱ्यांकडे गावाची उघाडी होती. खाडीचं खारं पाणी भरतीला शेतात येऊ नये म्हणून बांधात लाकडी फळ्यांचं दार असतं, ते ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. हे राखणाऱ्याला दाराखालची भाताची पट्टी मिळे. त्या घराचं सगळं पोट त्या पट्टीवर. त्या वर्षी गणपतीत म्हाताऱ्यांना लकवा झाला. नवरा बोटीवर. दार सुनेकडे आलं आणि तिला वालाच्या शेंगा कळत होत्या, भरती कळत नव्हती. शेतात एकदा जरी खारं पाणी शिरलं तरी गाव दार आणि पट्टी दोन्ही दुसऱ्याला देणार, हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

“बाई,” ती एकदा वर्ग सुटल्यावर म्हणाली, “उघाडीच्या पायऱ्या लिहून द्याल?”

मला काय, उंटावर बसवल्यासारखं झालं. सगळ्या वर्गाला कामाला लावलं. भरतीचा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होता: तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याचा तास येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात पाणी उतरायला दोन तास मिळवायचे, बेरीज बाराच्या वर गेली तर बारा वजा करायचे आणि त्या वेळी वरून एकेक फळी काढत जायचं. माझ्या ख्रिस्ती घरात पंचांग कधी नव्हतं, म्हणून मी छान सुबक लिहिलं, ‘पंचांगात तिथीपुढे जो आकडा असेल तो घे.’ आणि खाली, कुणीही न विचारता, एक ओळ माझ्या पदरची: ‘पाण्याकडे बघून ठरवू नकोस. डोळे फसवतात, पायऱ्या फसवत नाहीत.’

पौर्णिमेला आम्ही सगळे बांधावर जाऊन तपासून आलो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर दोन तास. सव्वाला तिने फळ्या काढल्या आणि आतलं पाणी सुळकन खाडीत गेलं. त्यानंतर वद्य पक्षातही रोज बरोबर आलं. पौर्णिमेच्या त्या दिवशी परतताना तिच्या घरावरून वाट होती. ओटीवर खाटेत म्हातारे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं.

“आवसंला जप गो,” ते सुनेला म्हणाले. “आवसंचं पानी माजोरी असतं.”

“का हो बाबा, आवसेला काय होतं?” मी विचारलं.

ते म्हणाले, “काय म्हाईत. पन जपावं.”

आवसेला त्या गावात उघाडी सोडली तर कुणी कशाला हात लावत नसे. वर्गातल्या मुलांनीही सुट्टी मागितली आणि मी, मोठी विज्ञाननिष्ठ, हसत हसत दिली. म्हणजे महिन्यातली एकच तिथी अशी राहिली, की जिच्यावर आमच्या पायऱ्या कुणी चालून बघितल्या नव्हत्या. हे मला आज दिसतं. तेव्हा मला सुट्टीत बोंबलाचं कालवण दिसत होतं.

ती सर्वपित्री आवस. सकाळपासून आभाळ शिशासारखं, वारा मात्र पडलेला. घरोघर छपरांवर पितरांची पानं ठेवलेली आणि कावळे बांधाकडच्या झाडांवर जाऊन बसलेले. त्यातला एकही पानाला शिवायला खाली येत नव्हता. गावातल्या माझ्या बिऱ्हाडाशेजारच्या काकू अंगणात उभ्या राहून त्यांना हाका मारत होत्या. मला पुढच्या धड्यासाठी तिथी हव्या होत्या, म्हणून मी त्यांच्या ओटीवर बसून त्यांचं पंचांग चाळत होते. आजच्या तिथीपुढे तीस छापलेलं होतं.

“काकू, छापणाऱ्याने घोटाळा केलाय. पंधराच्या जागी तीस.”

“घोटाळा कसला? आवसेला तीसच लिहितात. पुनवेला पंधरा, आवसेला तीस. तुमच्या फादरांनी शिकवलं नाही वाटतं?”

मी मनात तिसाची पाऊणपट केली. साडेबावीस. वर दोन. त्यातून बारा गेले. साडेबारा. आवसेची भरती पुनवेसारखीच, म्हणजे खरी वेळ सव्वाची. घड्याळात बारा वाजून गेले होते आणि माझ्या यंत्राला मीच सांगून ठेवलं होतं, की पाण्याकडे बघू नकोस.

मी बांधावरून पळाले. पळाले म्हणजे काय, नऊवारी नसलेल्या आणि चपला न काढलेल्या शिकलेल्या बाईचं जे होतं ते झालं. एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. एका अंगाला पोटरीला आलेलं भात, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडी भाताच्या वर. ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. समुद्र माझ्या कमरेएवढ्या उंचीवर मातीला टेकून उभा होता आणि त्याचा आवाज अजिबात येत नव्हता.

उघाडीपाशी आवाज होता. वरची फळी निघाली होती. पाणी आत येत होतं, तपकिरी, जाड. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून दुसरी फळी उपसत होती.

“अगं, आत येतंय!”

“हो बाई.”

“मग थांब ना!”

“थांबायचं लिहिलं नाही.” तिचे ओठ पांढरे पडले होते. हात चाललेच होते. “मला वाटलं, पुढच्या फळीला उलटं वळेल.”

फळ्यावर फडकं फिरवतानाचे तेच डोळे. मी तिच्या दोन्ही मनगटांना धरून ओढलं तेव्हा कुठे ती थांबली, आणि मग रडायला लागली. काढलेली फळी पाण्याच्या जोराने खाचेत बसेना. शेवटी मी काय केलं असेल? वळले आणि त्या भोकात पाठ लावून बसले. विद्यापीठाची पदवी बुचासारखी कामी आली. तिने माझ्या दोन्ही बाजूंनी चिखल थापला, केसांत, कानांत, कुठेही. नातवंडांना मी इथवर सांगते आणि ती हसून लोळतात. पाठीमागे समुद्र टेकलेला असतो तेव्हा तो ढकलत नाही, नुसता वाट बघतो, हे मी त्यांना सांगत नाही.

पाणी उतरलं तेव्हा दाराखालचं भात आडवं झालं होतं. पुढच्या काही दिवसांत तो तुकडा पांढरा पडला. तिच्याच पट्टीतला होता, म्हणून गावाने एवढंच म्हटलं, की पुढच्या आवसेला आम्ही बघायला येऊ, मग दार कुणाचं ते ठरवू.

मी पायऱ्या दुरुस्त केल्या. तीस दिसलं की पंधरा धर. पाण्याची ती ओळ खोडली, पण तिच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही.

ती आवस दिवाळीतली. त्या दिवशी वर्गाला सुट्टी नव्हती, सगळे बांधावर. गावातले चार जाणते, आणि खाटेसकट आणलेले म्हातारे. कापणी तोंडावर आलेली आणि शेतातलं पाणी निघणं गरजेचं. वारा सकाळपासून समुद्राकडून. सव्वा वाजला.

“उघड,” मी म्हटलं.

तिने फळीला हात लावला आणि काढला. घरच्या तोरणातून आणलेलं झेंडूचं एक फूल तिच्या कनवटीला होतं. ते तिने बांधावरून बाहेरच्या पाण्यात टाकलं.

“हे कुठल्या पायरीत आलं?” मागून एक जाणता म्हणाला. “बाईंची वेळ झाली ना?”

“झाली,” ती म्हणाली.

फूल दाराकडे आलं आणि फळीला चिकटून बसलं. वाऱ्याने पाणी दाबून धरलं होतं. तिसाचे पंधरा करूनही माझा हिशोब चुकला होता, आणि मी तर उघड म्हणून बसले होते.

“पोरीला जमत नाय,” दुसरा म्हणाला. “दार दुसऱ्याला द्या.”

ती हलली नाही. म्हाताऱ्यांनी खाटेवरून मान जेवढी वळत होती तेवढी वळवून फुलाकडे बघितलं. मग आम्ही सगळेच बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने फूल फळीपासून सुटलं. जागच्या जागी फिरलं, पुन्हा चिकटलं, पुन्हा सुटलं, आणि हळूहळू खाडीकडे तोंड करून निघालं. तिने तेही लांब जाऊ दिलं. मग पदर खोचला आणि पहिली फळी काढली. आतलं पाणी बाहेर चाललं.

“किती वाजले, बाई?” मागून त्या जाणत्याने विचारलं. दार आता तिचंच, पण त्याला पुढच्या आवसेसाठी वेळ हवी होती.

मी घड्याळावर पदर ओढून घेतला.