सासूबाईंनी ओळखलेला गरुड

सासूबाई अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा नुकता जानेवारी लागला होता. बायको सकाळी सातला नोव्हाय गावातल्या ऑफिसला निघायची आणि घरात आम्ही दोघंच उरायचो. जावयाशी काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही, सासूशी काय बोलावं हे मला. चहा झाला, बाहेर बर्फ पडतोय, एवढं बोलून झालं की दोघंही आपापल्या खोलीत.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या फिल्मसंग्रहासाठी घरून काम करत होतो. प्राणी-पक्ष्यांवरचे जुने मूकपट लॅपटॉपवर बघायचे आणि कितव्या मिनिटाला काय दिसतं ते लिहून काढायचं, असं ते काम. एक दिवस माझ्या खोलीतलं हीटिंग बंद पडलं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर येऊन बसलो. सासूबाई तिथेच मेथी निवडत होत्या.

त्या दिवशीची फिल्म सोनेरी गरुडाची होती. गरुड कड्यावर बसतो, पंख पसरतो, खाली झेपावतो आणि माळावर ससा धरतो. दृश्यांच्या मधल्या पाट्यांवर लिहिलं होतं की हा रानातला मोकळा पक्षी असून कॅमेरावाल्यानं कित्येक दिवस दबा धरून ही शिकार टिपली. मी तो भाग पुन्हा पुन्हा बघत होतो. तिसऱ्यांदा बघताना सासूबाईंचे हात थांबले.

"हा पाळलेला आहे," त्या म्हणाल्या.

पाटीवर तसं लिहिलेलं नाही, असं मी नम्रपणे सांगितलं.

"पाटीवर काहीही लिहितील. ससा धरल्यावर तो कुठे बघतोय ते बघा."

बघितलं. शिकार केल्यावर रानातला पक्षी चहूकडे नजर टाकेल. हा मात्र कॅमेऱ्याच्या डावीकडे, एकाच जागी बघत होता. एकदा नाही, तीनदा.

"तिथे त्याच्या ओळखीचं कुणीतरी उभं आहे. मी दाण्याचं सूप घेऊन आले की आमच्या कोंबड्या अशाच बघायच्या."

सासरे नोकरीत असताना क्वार्टरच्या मागे सासूबाईंनी वीस वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मला हे ठाऊक नव्हतं.

मग आम्ही तो भाग एकेक चित्र पुढे सरकवत तपासला. चारच चित्रांत, पायाच्या पिसांतून बाहेर आलेलं चामड्याच्या वादीचं टोक दिसलं. पाळलेल्या शिकारी पक्ष्याच्या पायात बांधतात तसली वादी. सासूबाईंनी चष्मा पुसून ती पुन्हा बघितली आणि मेथीकडे वळल्या.

माझी नोंद वाचून संग्रहाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. हे लक्षात कसं आलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांना रविवारी दुपारी बोलावलं. ही फिल्म पियानोच्या साथीनं दाखवणार होते आणि शिकारी पक्षी पाळणाऱ्या एक आजी आपला ससाणा घेऊन येणार होत्या.

छोट्याशा हॉलमध्ये पडद्यावर गरुड झेपावला तेव्हा सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली. घरी तो प्रसंग दहादा तरी बघितला होता त्यांनी. ससा धरून झाला तरी बाही सुटली नाही, मीही हात हलवला नाही.

नंतर त्या आजी ससाण्याला हातमोज्यावर घेऊन उभ्या राहिल्या. सोनेरी गरुडाच्या पायाला बोटांपर्यंत पिसं असतात, म्हणून वादी सहज लपते, असं त्यांनी समजावलं. प्रश्न विचारायला सांगितल्यावर सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "विचारा त्यांना, मोकळा सोडल्यावर हा परत का येतो?"

भुकेमुळे, आजी म्हणाल्या. माया वगैरे काही नाही. त्या रोज त्याचं वजन करतात, आणि पोट भरलेलं असेल तर सोडतच नाहीत.

सासूबाईंना ते पटलं नाही. "सांगा त्यांना, भूक कोंबडीलाही असते. पण माझी कोंबडी शेजारणीच्या दाण्याला जात नव्हती."

मी इंग्रजीत सांगितलं. लोक हसले, आजीही हसल्या. मग त्यांनी सांगितलं की मागच्या हिवाळ्यात हा दोन दिवस हरवला होता, आणि त्या स्वतः बर्फात शेतभर त्याला हाका मारत फिरल्या. तिसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी गोठ्यावर बसलेला सापडला. भरल्या पोटी बसला होता, तरी हाक ऐकून हातावर आला. "हे मी सहसा कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. सासूबाईंना अर्थ सांगितला तर त्या ससाण्याच्या पायातली गाठ वाकून बघत राहिल्या.

परतताना बसमध्ये त्या सगळा वेळ बोलत होत्या. घारीनं एका दुपारी उचललेली तीन पिल्लं, खुडुक कोंबडीचा फणकारा, कोंबडी कापायची वेळ आली की बाहेर निघून जाणारे सासरे. आमचा स्टॉप मागे गेला तो दोघांनाही कळला नाही, आणि आम्ही बर्फातून अर्धा मैल उलट दिशेनं चालत आलो.

एप्रिलपर्यंत आम्ही टेबलावर शेजारी बसून उरलेल्या फिल्म्स बघितल्या. बीव्हर, सील, एक अस्वल. एका कड्यावरच्या बहिरी ससाण्यावरून मात्र आमचं जुंपलं. तो पेंढा भरलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्याची मान हललेली दिसली होती. वाऱ्यानं हलली असेल, असं त्या म्हणत होत्या. शेवटी नोंदीत दोघांचंही मत लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.