युरोपला न चाललेली द्राक्षं

निफाडजवळच्या, परदेशी माल पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षं तपासायचं काम करत होते. एके दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. एका बागेच्या मालात फवारणीच्या औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. मी सवयीनं ओरडले, "हा माल युरोपला चालणार नाही. लोकल बाजाराला काढा."

कात्रीनं खराब मणी काढणाऱ्या कमलबाईंचे हात थांबले.

"म्हंजे ताई, तिकडच्या लेकरांना जे बाधतं, ते आपल्या लेकरांना बाधत न्हाई?"

"तिकडचे नियम कडक असतात," मी म्हणाले.

सकाळीच मला विचारून कमलबाईंनी नातीसाठी त्याच मालातला एक घड पिशवीत ठेवला होता. तो काढून त्यांनी हलकेच क्रेटमध्ये परत ठेवला.

समुद्रापलीकडचे इतके देश एकत्र येऊन आपल्या मुलांच्या ताटात काय पडतं ते विचारतात, याचा मला नेहमी जाच वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा हेवा वाटला. आणि मागोमाग लाज वाटली. आपल्या मुलांसाठी तोच प्रश्न त्या शेडमध्ये कुणी विचारायला हवा होता, तर तो मी. विचारला मात्र कमलबाईंनी, आणि मी त्यांना नियम सांगितला.

दुपारी ट्रक भरला. ड्रायव्हरनं कागद पुढे केला.

"कुठं जाणार माल?" मी विचारलं.

"जवळच. आठवडी बाजारांत."

मी सही केली.