भर मे महिन्यात हीटर

आमच्या सोसायटीत लोक आपली जुनी गाडी विकून नवी घेतात. मी प्रमोशन मिळाल्यावर दुसऱ्याची जुनी घेतली. पांढरीशुभ्र, लांबलचक, डिकीवाली सेडान. ऑफिसातल्या एका साहेबांनी निवृत्त होताना ती मला विकली, पण आविर्भाव असा, जणू कन्यादान करताहेत. एका हाताने चालवलेली गाडी आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दुसरा हात ते कपाळाला लावत असणार, हे माझ्या लक्षात यायला एक पावसाळा जावा लागला.

तोपर्यंत गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली होती. वसईच्या खाऱ्या हवेने दारांच्या खालच्या कडा कुरतडल्या. रस्त्यांनी सस्पेन्शनचं काम तमाम केलं. खड्डा आला की पुढून कोणीतरी कपाटात भांडी टाकल्यासारखा आवाज यायचा. मागच्या दोन्ही काचा एकदा खाली गेल्या त्या वर येईनात, म्हणून पापडी गावातल्या मेकॅनिकने त्या हाताने वर ओढून कायमच्या बंद करून टाकल्या. एसी मनात आलं तर चालायचा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे इंजिन तापायचं.

तापण्यावर मेकॅनिकने जीव तोडून इलाज केले. आधी रेडिएटरचं झाकण बदललं, मग होस पाइप, मग थर्मोस्टॅट. दर वेळी तो फडक्याला हात पुसत म्हणायचा, "आता टेन्शन नाही." त्याला नव्हतंच. दरम्यान त्याच्या गॅरेजवर नवे पत्रे चढले. ते बघताना मला उगाच आपलेपणा वाटायचा. शेवटी त्याने फुकटात एक युक्ती दिली. काटा वर चढायला लागला की हीटर लावायचा. इंजिनची उष्णता गाडीत येते आणि इंजिनला बरं वाटतं. माणसांना काय वाटतं, हा त्याचा विषय नव्हता.

बायकोने गाडीत बसणं केव्हाच सोडलं होतं. ती रिक्षाने बाजारात जायची आणि परत आल्यावर, तुमची गाडी आली का, असं प्रेमाने विचारायची.

अशात समोरच्या फ्लॅटमधले शेजारी आमच्याकडे आले. मूळचे नंदाखालचे, ख्रिस्ती कुटुंब. मुलगी नर्स, तिचं लग्न गावच्या चर्चमध्ये ठरलेलं. शेजारी तसेही अबोल, पण लग्न ठरल्यापासून ते फारच गप्प झाले होते. जावई परदेशात होता आणि लग्नानंतर लगेच मुलगी तिकडे जाणार होती. शेजारीणबाईंनी बायकोला सांगितलं होतं की घरात बापलेकीचं बोलणं जवळजवळ बंदच आहे. भांडण नाही, काही नाही. फक्त बोलत नाहीत.

नवरीला न्यायला तुमची पांढरी गाडी मिळेल का, असं शेजाऱ्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको म्हणत होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्या गाडीकडे शोभेची वस्तू म्हणून बघत होतं. मी हो म्हणालो. वर स्वतःच चालवीन, असंही म्हणालो.

लग्न मे महिन्यात, उतरत्या दुपारी. सकाळी मंडळींनी बॉनेटवर फुलांचा गुच्छ बांधला, रिबिनी लावल्या. गाडी इतकी देखणी दिसत होती की मलाही क्षणभर तिचा इतिहास आठवेना. वऱ्हाडाची बस पुढे गेली, तिच्यात बायकोही गेली. मागच्या सीटवर पांढऱ्या झग्यात नवरी, तिच्या शेजारी कोट घातलेले वडील, आणि पुढे मी, माझ्या एकमेव सुटात.

निर्मळ गावापर्यंत एसीने साथ दिली. मग त्याच्या मनातून उतरलं. पाठोपाठ काटा चढू लागला. मी आरशात पाहिलं. मुलगी एका काचेतून बाहेर बघत होती, वडील दुसऱ्या काचेतून. मी मुकाट्याने हीटर लावला.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "काका, एसी गरम येतोय."

"एसी नाही," मी म्हणालो. "हीटर आहे."

तिने काच खाली करायचं बटण दाबून पाहिलं. मग तेही मला सांगावं लागलं. ती बरं म्हणाली. अतिदक्षता विभागात काम करणारी मुलगी होती. तिला गंभीर परिस्थितीत आवाज न चढवण्याची सवय होती.

नंदाखाल अगदी जवळ आलं असताना बॉनेटखालून वाफ आली. फुलांचा गुच्छ त्या वाफेत डोलू लागला. मी गाडी एका केळीच्या वाडीला लागून उभी केली आणि मागचं दार उघडलं. बापलेक बाहेर आली तेव्हा दोघांचे चेहरे नुकते मोदकपात्रातून काढल्यासारखे झाले होते.

वाडीतून एक म्हातारी बाई आली. तिने गाडीकडे, मग नवरीकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. शेजाऱ्यांनी मान खाली घालून उत्तर दिलं. माझ्याबद्दलच असावं. बाई हसली आणि मुलीला हाताला धरून आत विहिरीजवळच्या हौदाकडे घेऊन गेली. मीही बादलीभर पाणी मागायच्या निमित्ताने मागे गेलो.

मुलीने हौदाच्या काठावर बसून तोंड धुतलं. ब्युटीपार्लरची सकाळभरची मेहनत पाटाच्या पाण्यातून केळींना मिळाली. झगा मातीला लागू नये म्हणून वडिलांनी त्याचा घेर दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मग इतक्या आठवड्यांनी ते मुलीशी बोलले.

"तिकडे गाडी घेशील ना," ते म्हणाले, "तर नवी घे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. तेही रडले, पण घेर सोडला नाही. "रोज फोन करीन, पप्पा," ती म्हणाली. ते म्हणाले, रोज नको, तुझी ड्युटी सांभाळून कर. मग दोघं असं बोलायला लागली की मी बादली घेऊन तिथून निघालो. इंजिन इतकं तापलं होतं की पाणी घालायचीही सोय नव्हती, पण निदान मी काहीतरी करताना दिसत होतो.

त्या बाईने रस्त्यावरून जाणारा केळीचा टेम्पो थांबवला. ड्रायव्हरने आपल्या शेजारची सीट झटकली, बापलेक पुढे बसली आणि नवरी चर्चमध्ये पोचली. मी मात्र टोइंगवाल्याची वाट बघत तिथेच थांबलो. सजवलेली गाडी, आत नवरी नाही, बाहेर सुटातला घामाघूम एकटा माणूस. येणारे-जाणारे वेग कमी करून माझ्याकडे बघत होते. एका स्कूटरवाल्याने तर थांबून खांद्यावर हात ठेवला आणि होतं असं, धीर धरा, म्हणून निघून गेला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. खरी हकिगत सांगायला जास्त लाज वाटली असती.

टोइंगवाला येईपर्यंत चर्चमधली लग्नाची मिस्सा चुकली, जेवण मिळालं. शेजारीणबाई माझ्यावर रागावल्या असतील या भीतीने मी मांडवात मागेच बसलो होतो. त्या स्वतः ताट घेऊन आल्या. ह्यांचं तोंड उघडलं एकदाचं, एवढंच म्हणाल्या आणि ताटात आणखी वाढायला लागल्या.

गाडीचं मात्र काही सुधारलं नाही. हेड गॅस्केट गेली होती. इंजिन उघडायचा जो खर्च मेकॅनिकने सांगितला, त्यात तशीच आणखी एक गाडी आली असती. बायकोने तो आकडा शांतपणे ऐकला आणि मला एकही टोमणा मारला नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. काम करून घेतलं आणि गाडी विकायला काढली.

पहिलंच गिऱ्हाईक विरारहून आलं. या वेळी मी ठरवलं होतं की काही लपवायचं नाही. काचा, एसी, गंज, तापणं, सगळं सांगितलं. तो मंद हसत ऐकत होता. इतके दोष कोणी स्वतःहून सांगतो का, याला बहुतेक गाडी द्यायचीच नाहीये, असा त्याचा ग्रह झालेला दिसत होता. त्याने मी मागितले तेवढे पैसे, घासाघीस न करता, लगेच दिले आणि गाडीवरून हात फिरवत म्हणाला, "कलर ओरिजिनल आहे ना?"

तो खरंच ओरिजिनल होता.